फिरतीवरचा ब्लाउजपीस

श्रेणिक मगदूम दिवसाला चाळीस वस्तूंवर प्रेम करायचा. रविवारी सुट्टी.

सकाळी आठच्या ठोक्याला तो घरासमोरच्या कट्ट्यावर बैठक मारायचा. पुढ्यात लोकांनी आणून ठेवलेली जत्रा. कुणाचा मिक्सर, कुणाची क्रिकेटची बॅट, कुणाच्या सासूचा चकलीचा सोऱ्या. श्रेणिक एकेक वस्तू मांडीवर घ्यायचा आणि पोटच्या पोरासारखी कुरवाळायचा. मानेवरचा घाम पुसून तोच हात घड्याळावर फिरवायचा. खारे शेंगदाणे चघळत फुलदाणी चाचपायचा. उशी आली की दुपारी तिच्यावर दीड तास घोरायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "तुमच्या उशीवर जास्त मेहनत घेतलीय, बघा."

"अहो, पण प्रेम मनातनं नको का?" एकदा एका मास्तरांनी विचारलं.

"मीटरला मन दिसत नाही मास्तर. घाम दिसतो. आणि घाम आपल्याकडं खानदानी आहे. वीस वर्षं मागावर काढल्यात इचलकरंजीत. एवढा घाम गाळला आणि शेवटी माग बंद पडले. उरलेला आता असा खपवतोय."

हा धंदा सुरू झाला तो रसवंतीमुळं.

नवं सूत काढायचं नाही, नवं प्लॅस्टिक करायचं नाही, जमिनीतून नवं काही उपसायचं नाही, असा कायदा होऊन सहा वर्षं झाली होती. यापुढं जुन्याचंच नवं करायचं. त्यासाठी गावाबाहेर तीनमजली टाक्या उभ्या राहिल्या. त्यात जंतूंपासून काढलेले पाचकरस. आपल्या पोटात भाकरी पचते तशी त्या टाकीत साडी पचायची, गादी पचायची, खुर्ची पचायची. कापसाचा लगदा एका नळातून, पॉलिस्टरचा दुसऱ्या नळातून, रंग तिसऱ्यातून. त्याच रसातून पुन्हा हवं ते बनवायचं. कागदोपत्री नाव काहीतरी लांबलचक होतं. गावानं पहिल्याच आठवड्यात 'रसवंती' म्हणायला सुरुवात केली, आणि कुणीतरी रातोरात फाटकावर 'आलं-लिंबू घालून मिळेल' अशी पाटीही लावली. ती कुणी लावली हे श्रेणिकला माहीत नव्हतं, असं श्रेणिक शपथेवर सांगायचा.

घरोघर मोजणी सुरू झाली. जे लागत नाही ते रसात. मग चित्रकार, गायक, संग्रहालयवाले रस्त्यावर आले. म्हणाले, तुम्ही खुर्च्या नाही, माणसांच्या आठवणी उकळायला लागलाय. मुद्दा खरा होता. सरकारनं समिती बसवली. संस्कृती म्हणजे काय, यावर अकरा बैठका झाल्या, बाराव्या बैठकीत एक शास्त्रज्ञ बाई वैतागून म्हणाली, "हे मोजता येतं."

आणि खरंच येत होतं. माणूस वस्तूला हात लावतो तेव्हा हात नुसता जात नाही, मागं काहीतरी ठेवून जातो. कातडीचं तेल, घामाचं मीठ, आणि कातडीवर राहणारे लाखो बारके जंतू. कापडाच्या विणीत, लाकडाच्या रेषांत ते थरावर थर बसतात. ज्या वस्तूवर थर जास्त, ती माणसाच्या जास्त जवळची. ओल्या बोळ्यासारखी एक टोपी वस्तूवर दाबायची, ती वरचा थर टिपून घेते, आणि आकडा दाखवते. चाळिसाच्या वर असेल तर वस्तू घरात. खाली असेल तर रसवंती. लोक त्याला माया-मीटर म्हणायला लागले.

समितीत सगळे विद्वान होते. पण एकाच्याही घरात शोकेस नसावी. कारण आपल्याकडं ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त जीव, तिला कुणी हातच लावत नाही. लग्नातला डिनर सेट पाहुण्यांसाठी. भारी चादर चांगल्या प्रसंगासाठी. सोफ्याचं प्लॅस्टिक सोफा मरेपर्यंत काढायचं नाही. पहिल्याच मोजणीत इचलकरंजीतले डिनर सेट शून्य, दोन, शून्य, एक असे आकडे दाखवत लायनीनं रसवंतीला गेले. बायका गाडीमागं चालत गेल्या.

त्या दिवशी श्रेणिकच्या डोक्यात ट्यूब पेटली.

धंदा जोरात चालला. आणि तीन वर्षांपूर्वी त्याची बायको त्रिशला तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली, तेव्हाही हाच धंदा कामी आला. माणूस गेलं की त्याच्या वस्तू पडून राहतात, आकडा घसरतो. श्रेणिकनं घसरू दिला नाही. तिचा कंगवा, तिचा चष्मा, सुयादोऱ्यांचा डबा, बाजाराची पिशवी, चौदा साड्या. दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, दार लावून तो एकेक साडी खांद्यावर घेऊन बसायचा. आकडे ऐंशी, नव्वद. एकही वस्तू गेली नाही. त्याला वाटायचं, आयुष्यात एक काम तरी आपण चोख केलं.

मग नवीन मीटर आलं.

लेक राजुल सातव्या महिन्यात माहेरी आली होती, त्याच आठवड्यात मोजणीवाली तहसीन मुल्ला मशीन घेऊन दारात उभी राहिली. तहसीन गल्लीतलीच, श्रेणिकच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

"काका, ह्यावेळी जरा अवघड आहे ओ तुमचं," ती हसू दाबत म्हणाली. "नवीन मशीन हात ओळखतंय. प्रत्येक माणसाच्या जंतूंचं मिश्रण वेगळं असतंय. कुणाचा हात किती, रंगानं दाखवतंय."

"मग?"

"मग काय! सकाळपासनं सात घरं केली. सातही घरांत सगळ्यात जास्त माया तुमची. शिरगुप्पे वहिनींच्या उशीवर तुम्ही ब्याण्णव टक्के. त्यांचे मिस्टर काठी शोधायलेत."

श्रेणिक खो खो हसला. राजुल हसली नाही. तिचे डोळे मशीनवर होते.

"म्हणजे मम्मीचा हात दिसंल?" तिनं विचारलं.

"दिसंल की."

राजुल पोट सावरत आत गेली आणि कंगवा घेऊन आली. तहसीननं टोपी दाबली. पडद्यावर कंगवा उमटला, सगळा हिरवा.

"हिरवा म्हणजे मम्मी?"

तहसीननं श्रेणिककडं बघितलं. "हिरवा म्हणजे काका."

चष्मा आणला. हिरवा. सुयादोऱ्यांचा डबा, हिरवा. राजुलनं साड्यांचा गठ्ठाच आणून टाकला. लग्नातली, डोहाळजेवणातली, शेवटच्या दिवाळीची. तहसीन दाबत गेली आणि पडदा हिरवागार होत गेला. खाली बारीक अक्षरांत प्रत्येक वेळी तेच. श्रेणिक मगदूम, शंभर टक्के.

"असं कसं?" श्रेणिकचं हसू अर्ध्यात अडकलं. "तिच्याच वस्तू आहेत त्या. वीस वर्षं वापरल्यात तिनं."

"काका, वरून हात पडला की खालचा थर सुटतो. पाटीवरचं पुसून लिहिल्यासारखं." तहसीनचा आवाज खाली आला. "आमची टोपीसुद्धा थोडा थर नेतीच. पण तुम्ही लईच घासलंय ओ."

राजुल साड्यांच्या ढिगाकडं बघत होती. "बाळंतपणात डोक्याखाली मम्मीची साडी घेणार होतो मी," ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या पोरी बोलतात तशी, पोरासारखी. "पप्पा, तुम्ही पुसून टाकलात तिला. चांगलं घासून घासून पुसलात."

ती आत गेली. त्या दिवसापासून ती श्रेणिकशी बोलायची ती फक्त भिंतीमार्फत. "कुणाला चहा पाहिजे असंल तर ठेवलाय," असं भिंतीला सांगायची.

चार दिवस श्रेणिक कट्ट्यावर बसला नाही. घरात त्याचा हात लागला नाही अशी एक तरी वस्तू असेल म्हणून माळा उपसला, पलंगाखाली सरपटला. नव्हती. मेहनतीत कसूरच नव्हती.

पाचव्या दिवशी अंघोळ करताना त्याला सुचलं. घरात नसेल तर घराबाहेर बघायचं! त्रिशलानं कुणाला काहीतरी दिलं असेल. आणि लगेच डोळ्यांपुढं आला तो ब्लाउजपीस.

पोपटी खणाचा, जांभळ्या काठाचा. त्यांच्या लग्नातल्या आहेरात आलेला. त्रिशलाला तो रंग बघूनच हसू फुटलं होतं. "हा शिवला तर पोपट म्हणून मला कणसावर बसवतील," म्हणाली होती. रीतीप्रमाणं तिनं तो पुढच्याच हळदीकुंकवाला कुणाच्या तरी ओटीत सरकवला. ओटीतला ब्लाउजपीस शिवायचा नसतो, पुढं द्यायचा असतो, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण सगळ्या गावाला पाठ आहे. त्रिशला महाबिलंदर. तिनं त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घातला होता. वस्तू फिरून घरी येते का बघायला. दोनदा आला! दोन्ही वेळा ती पोट धरून हसली आणि दोन्ही वेळा तिनं तो पुन्हा रवाना केला. शेवटचा चौगुले वहिनींना, आजारी पडायच्या महिनाभर आधी.

आणि तो पीस रसवंतीत गेलेला नसणार, हेही श्रेणिकला माहीत होतं. कायद्यात एक पळवाट होती. नव्वद दिवसांच्या आत जी वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जाते ती 'फिरतीवर'. तिला मीटर लावत नाहीत. कुणी कुणाला दिलं याची नोंद ठेवायचं सरकारनं आधी ठरवलं होतं, पण बायकांनी लाटणी घेऊन मोर्चा काढला. कुणाचा पीस कुणाला गेला हे उघड झालं असतं तर निम्म्या गावाची बोलाचाली बंद झाली असती. शेवटी फक्त तारीख नोंदवायची, नाव नाही, असं ठरलं. सरकारनं टाक्या बांधायच्या कितीतरी आधीपासून गावातल्या बायका चक्र चालवत होत्या, आणि त्यात एक थेंब रस सांडत नव्हता.

श्रेणिक तडक चौगुले वहिनींकडं गेला.

"पोपटी? जांभळ्या काठाचा?" वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या. "आहे की. कपाटात आहे. त्रिशलानं दिलेला मी पुढं ढकलीन व्हय?"

"बघायला मिळंल?"

"किल्ली सापडंना झालीय."

दुसऱ्या घरी किल्ली मुलाकडं होती. तिसऱ्या घरी कपाट फुगलं होतं. गावातली एकही बाई कबूल करेना की आपण कधी पीस पुढं सारला. श्रेणिक पाच घरं फिरला, पाच चहा प्याला, आणि मग मूळ स्वभावावर आला.

संध्याकाळी गल्लीत बातमी पसरली. मुंबईच्या संग्रहालयानं एका पोपटी ब्लाउजपीसला 'चक्रभूषण' पुरस्कार दिलाय. तो ज्यांच्या ज्यांच्या हातून पुढं गेला त्या सगळ्या बायकांचा सत्कार, शाल, श्रीफळ, फोटो.

रात्री जेवणाच्या आत चौगुले वहिनी हजर. "भावजी, किल्ली सापडली. पीस नाही. मी हेरवाडे काकूंना दिलावता, आता आठवलं." मागोमाग हेरवाडे काकू. मग त्यांच्या नणंदेची जाऊ. दोन बायकांत आधी कुणाकडं होता यावरून जुंपली. ज्यांच्याकडं तो कधी गेलाच नव्हता अशा चौघी घुसल्या, त्यांना लाल टाक्याचा कोपरा विचारून श्रेणिकनं कटवलं. शेवटी चौदा नावांची माळ लागली आणि शेवटचा मणी निघाला हावळ काकूंचा. वय ऐंशी, मुक्काम जुनी कोष्टी गल्ली.

हावळ काकूंनी ट्रंकेतून पीस काढून दाखवला, लांबूनच. कोपऱ्यात लाल टाका. श्रेणिकचा हात आपोआप पुढं गेला.

"ए! लांब!" काकू कडाडल्या. "गड्याच्या हातात ओटी? लाज आहे का? लेकीला आण. सात महिन्यांची हाय म्हणं. रीतसर ओटी भरतो, घेऊन जा."

श्रेणिकनं हात मागं घेतला, आणि मनातल्या मनात काकूंच्या पाया पडला. हात आणखी एक वीत पुढं गेला असता तर पीस हिरवा झाला असता.

घरी येऊन त्यानं भिंतीला सांगितलं. "कुणाला मम्मीनं शेवटचा दिलेला पीस बघायचा असंल तर सापडलाय. माझा हात लागलेला नाही. बोटसुद्धा नाही."

 मग राजुल चपला शोधायला लागली.

हावळ काकूंनी गहू, नारळ, हळकुंड घालून ओटी भरली. राजुलनं पदरात घेतली. श्रेणिक उंबऱ्याबाहेर दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. परत येताना तहसीनला बोलावलं.

तिनं मशीन उघडलं, आणि मिटलं.

"ताई, खरं सांगू? चौदा जणींचे हात वरून गेलेत. पण ओटीतला पीस कुणी कुरवाळत नाही, घडी उचलायची आणि द्यायची, एवढंच. त्यामुळं घडीच्या आत त्रिशलाकाकूंचा पुसट थर असंल. नसंलही. मी टोपी दाबली की कळंल. पण टोपी तो थर घेऊनच येणार."

"म्हणजे बघितलं की गेली?" राजुलनं विचारलं.

"म्हणजे बघितलं की गेली."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर नव्वद दिवस तुमची. मग मीटर लावावं लागतंय, नाहीतर पुढं द्यावा लागतोय."

राजुलनं पीस उशाशी ठेवला, घडी न उलगडता. हात लावायची नाही. नुसती त्या कुशीवर झोपायची. भिंतीशी बोलणं बंद झालं आणि हळूहळू श्रेणिकशी सुरू झालं. "पप्पा, असंल का हो मम्मी ह्याच्यात?" ती विचारायची. "असणार की," तो म्हणायचा. त्याच्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं, आणि तिलाही दुसरं नको होतं.

मुलगी झाली. महिन्याची झाली. नव्वदपैकी शहाऐंशी दिवस गेले.

श्रेणिकनं सगळी डोकेबाजी पणाला लावली. आज शेजारी द्यायचा, उद्या परत घ्यायचा? चालत नव्हतं. एकदा फिरून गेलेली वस्तू वर्षाच्या आत त्याच घरात परत आली तर फिरती धरत नाहीत. हा नियम दोन वर्षांपूर्वी एका माणसाच्या करामतींमुळं घालावा लागला होता, आणि तो माणूस श्रेणिकच होता. तहसीनला चहा पाजून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "काका, आकडा मशीनमधनं सरळ वरच्या ऑफिसात जातोय. माझ्या हातात काहीच नाही."

तेव्हा एकच राहिलं. द्यायचा, आणि तो फिरत ठेवायचा. वर्षभरानं फिरवत फिरवत परत आणायचा. श्रेणिकनं कागदावर चार घरांची साखळीच आखली, सगळ्या जुन्या, मुरलेल्या, ओटीतलं काही न शिवणाऱ्या बायका. पहिली चौगुले वहिनी. पण हळदीकुंकवाच्या दिवशी वहिनींना चिकनगुनिया झाला. नव्वदावा दिवस. ऐनवेळी वरच्या खोलीत भाड्यानं आलेल्या तेजलला हाक मारली. लग्न होऊन दोन महिने झालेले, सोलापूरकडची पोर. चालेल, श्रेणिकनं विचार केला, देईल पुढं. सगळ्याच देतात.

राजुलनं ओटी भरली. पीस देताना तिचा हात एक क्षण घडीवर थांबला, तेवढाच.

तेजलनं ओटी घेतली, नमस्कार केला, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, घडी उलगडली.

आजवर कुणीच हे केलं नव्हतं.

"अय्या!" ती म्हणाली. पीस तिनं खांद्यावर टाकला, गालाशी लावला, आरशासमोर जाऊन मान वाकडी केली. "ताई, किती गोड रंग आहे ओ! माझ्याकडं जांभळी साडी आहे, तिच्यावर असलाच शोधत होते मी. मी हा शिवूनच टाकते."

राजुलनं बापाकडं बघितलं. तिच्या मांडीवरचं बाळ चुळबुळलं.

श्रेणिकच्या जिभेवर त्या क्षणी शंभर थापा तयार होत्या. हा पीस संग्रहालयाचा आहे. ह्याला शाप आहे. ह्याचा रंग जातो, अंगाला खाज सुटते. आयुष्यभर असल्या थापा त्यानं श्वास घ्यावा तशा मारल्या होत्या. त्यानं तोंड उघडलं. समोर पोर खांद्यावरच्या पोपटी कापडावरून हात फिरवत उभी होती, खरीखुरी खूश. दिलेली ओटी मागता येत नाही. आणि लग्नापासून गावभर फिरलेल्या त्या पीसला आज पहिल्यांदा कुणीतरी हवा म्हटलं होतं.

थापा जिभेवरच वाळून गेल्या.

"काका," तेजल म्हणाली, "तुम्ही मागावर होता ना? तुम्हाला कापडातलं कळतं. हा आधी धुऊन घ्यावा का शिवायच्या आधी? आटतो का ओ हा?" तिनं पीसाचं टोक त्याच्यापुढं धरलं. "हात लावून बघा की."

श्रेणिकनं हात पाठीमागं बांधले.

"लांबनं कळतंय," तो म्हणाला. राजुलकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. "सुती खण आहे. आटणार." तो एक पाऊल मागं सरकला. "रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाल, पोरी. चांगला बुडवून."